हायब्रिडची खरी गरज पिकअपवाल्यालाच आहे

अमेरिकेत पिकअप ट्रकवाले आणि हायब्रिड कारवाले (हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेली गाडी) यांच्यातलं भांडण आता पंचवीस वर्षांचं होत आलंय. टोयोटाची हायब्रिड कार प्रियस जपानमध्ये १९९७ ला आली, अमेरिकेत २००० साली, आणि तेव्हापासून लोकांच्या डोक्यात असं बसलं की हायब्रिड म्हणजे शहरातल्या, पर्यावरणाची काळजी करणाऱ्या माणसाची गाडी आणि पिकअप म्हणजे त्याच्या बरोब्बर विरुद्ध माणसाची. एक जण दुसऱ्याला उधळ्या म्हणतो, दुसरा त्याला शहाणपणा शिकवणारा म्हणतो, आणि यात पेट्रोल किती जळतं हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. माझं म्हणणं असं की हायब्रिडचा सगळ्यात जास्त फायदा ज्याला होऊ शकतो तो पिकअपवालाच आहे, आणि नेमकं त्यालाच यापासून लांब ठेवायचं काम दोन्ही बाजूंनी मिळून केलंय, शिवाय सरकारच्या नियमांनी त्याला हातभार लावलाय.

आधी हिशोब बघू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. अमेरिकेत मायलेज एमपीजीमध्ये मोजतात, म्हणजे एका गॅलनमध्ये, साधारण पावणेचार लिटरमध्ये, किती मैल. २०२१ सालच्या फोर्ड एफ-१५० या पिकअपचं घ्या, ३.५ लिटरचं टर्बो व्ही-६, म्हणजे सहा सिलिंडरचं, इंजिन, फोर बाय फोर, सरकारी आकड्यानुसार शहरात १८ एमपीजी. त्याच इंजिनाला हायब्रिड जोडलेलं पॉवरबूस्ट मॉडेल घेतलं तर शहरात २४. आता कोणी म्हणेल १८ चे २४ झाले, त्यात काय एवढं, प्रियस तर ५७ देते. पण वर्षाला १२,००० मैल गाडी चालते असं धरा आणि भागाकार करा. १८ च्या हिशोबाने ६६७ गॅलन लागतात, २४ च्या हिशोबाने ५००, म्हणजे वर्षाला १६७ गॅलन वाचले, सहाशे लिटरच्या वर. आता दुसरीकडे एक छोटी कार घ्या जी आधीच ५० एमपीजी देते, आणि उद्या कोणी जादू करून तिचं मायलेज दुप्पट केलं, थेट १००, तर किती वाचेल? २४० गॅलनचे १२० होतील, म्हणजे वाचले १२०. ट्रकमध्ये नुसते ६ वाढवले तर कारमध्ये ५० वाढवण्यापेक्षा जास्त पेट्रोल वाचतं! नळाची धार लागलेली असताना ती सोडून कोणी दुसऱ्या नळाच्या थेंबामागे लागत नाही, पण गाड्यांच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतोय.

हे मी शोधून काढलेलं नाही. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी २००८ मध्ये सायन्स या नियतकालिकात हेच मांडलं होतं, की एमपीजी हा आकडा माणसाला फसवतो, लोकांना वाटतं दर एमपीजीमागे बचत सारखीच होते आणि तसं अजिबात नसतं. त्यांचं म्हणणं होतं की १०० मैलांना किती गॅलन लागतात ते सांगा. २०१३ च्या मॉडेलपासून नव्या गाडीच्या काचेवरच्या सरकारी स्टिकरवर तो आकडा यायलाही लागला, पण बारीक अक्षरात, मोठ्या अक्षरात अजूनही एमपीजीच आहे. त्यामुळे शोरूममध्ये उभा असलेला माणूस २४ बघतो, मनात म्हणतो ट्रक तो ट्रकच, आणि पुढे जातो.

आणि वाचलेल्या १६७ गॅलनचा हिशोब पैशातही करा. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर वर्षाला ५८५ डॉलर. एक गॅलन पेट्रोल जळलं की जवळजवळ ८.९ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वर्षाला दीड टनाच्या आसपास तोही कमी. ज्याला पर्यावरणाचं पडलंय त्याच्यासाठी एक आकडा आहे, ज्याला खिशाचं पडलंय त्याच्यासाठी दुसरा, आणि दोन्ही एकाच ट्रकमधून निघतात.

मग पिकअपवाला हायब्रिडला नाक का मुरडतो? मला वाटतं याचं पहिलं कारण त्याच्याशी जसं बोललं गेलं ते आहे. इतकी वर्षं त्याला एकच प्रश्न विचारला गेला, तुला एवढ्या मोठ्या गाडीची गरजच काय. स्ट्रॅटेजिक व्हिजन नावाच्या कंपनीने गाडी घेणाऱ्यांचे जे सर्व्हे केले त्यातले आकडे २०१९ मध्ये खूप फिरले, की तीन चतुर्थांश पिकअपवाले वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी वेळा ट्रेलर ओढतात, आणि एक तृतीयांशाहून थोडे जास्त लोक मागच्या उघड्या हौद्यात, म्हणजे बेडमध्ये, सामानही वर्षातून जेमतेम एकदा टाकतात. हे आकडे घेऊन लोक ट्रकवाल्यांवर तुटून पडले. मला हे आकडे खोटे वाटत नाहीत, पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो मला पटत नाही. माणूस गाडी घेताना रोजचा दिवस बघून घेत नाही, सगळ्यात अवघड दिवस बघून घेतो. घरात पाच सीट आपण रोज भरत नाही तरी पाच सीटची गाडी घेतोच ना, आणि ज्याला दोन गाड्या परवडत नाहीत तो एकाच गाडीत सगळं बसवायला बघतो, वर्षातून एकदा बोट ओढायची, दोनदा लाकूड आणायचं, बर्फात अडकायचं नाही, आणि उरलेले दिवस कामावर जायचं.

पण पिकअपवाल्यांनाही मला इथेच एक विचारायचंय. उरलेले दिवस जर नुसतं कामावर जाणं, सिग्नलला थांबणं, ट्रॅफिकमध्ये सरकणं हेच असेल, तर हायब्रिड जिथे सगळ्यात जास्त चालतं तो दिवस तोच आहे. ब्रेक मारला की गाडीची गती उष्णता होऊन वाया जाते, हायब्रिडमध्ये मोटर जनरेटरसारखी चालून त्यातली बरीचशी ऊर्जा परत बॅटरीत भरते. आता गाडी जितकी जड तितकी ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा जास्त, साधं फिजिक्स आहे. अडीच टनाच्या ट्रकला दर सिग्नलला जे गमवावं लागतं ते छोट्या कारच्या जवळजवळ दुप्पट असतं. म्हणजे हे तंत्र जड गाडीसाठीच जास्त कामाचं, आणि आपण ते आधी सगळ्यात हलक्या गाड्यांत घातलं, आणि मग म्हणतो ट्रकवाल्यांना कळत नाही.

काही पिकअपवाले तर पार टोकाला गेले, आणि त्यांची बाजू मी घेणार नाही. डिझेल पिकअपचं प्रदूषण रोखणारं सगळं उपकरण काढून टाकायचं, इंजिनात मुद्दाम जास्त डिझेल सोडायचं आणि मागून येणाऱ्या हायब्रिडवर, सायकलवाल्यावर काळा धूर सोडायचा, याला तिकडे रोलिंग कोल म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, २०२० मध्ये एका अहवालात अंदाज दिला होता की आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांच्या वर डिझेल पिकअपमधून ही उपकरणं काढली गेली. यातले सगळेच धूर सोडणारे नव्हते हे मान्य, बऱ्याच जणांनी फिल्टर चोंदतो, दुरुस्ती महाग पडते म्हणून काढलं. पण तो धूर रस्त्याकडेला राहणाऱ्या मुलांच्या छातीत जातो, त्यांनी कोणाचं काय वाकडं केलंय? हा बेकायदा प्रकार आहे आणि त्याला दंडच हवा, त्यात संस्कृतीबिंस्कृती काही नाही. फक्त एक लक्षात घ्या, की हे लोक म्हणजे सगळे पिकअपवाले नव्हेत, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून बाकीच्या लाखो लोकांना त्यांच्याच टोपलीत टाकलं की तेही मग ऐकायचं बंद करतात.

दुसरं कारण नियमांचं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये मायलेजचा कायदा केला, त्याला काफे म्हणतात, कंपनी जेवढ्या गाड्या विकेल त्यांची सरासरी ठराविक आकड्याच्या वर पाहिजे. पण कार आणि लाइट ट्रक, म्हणजे पिकअपसारख्या गाड्या, यांना वेगवेगळे आकडे ठेवले. कारला २७.५ एमपीजी, आणि ट्रकला १९९६ ते २००४ अशी बरीच वर्षं २०.७. ट्रक म्हणजे शेतकऱ्याचं, सुताराचं कामाचं साधन, त्याला कशाला त्रास, असा विचार होता, आणि तेव्हा तो रास्तही होता. पण कंपन्यांनी बघितलं की गाडीला ट्रक म्हणवून घेतलं की नियम सैल होतो, नफा वाढतो, मग त्या सगळ्यांनाच ट्रक विकायला लागल्या. त्यानंतर २०११ च्या मॉडेलपासून सगळ्याच गाड्यांना असा नियम पक्का झाला की गाडीचा आकार, म्हणजे चार चाकांमधली जागा, जितकी मोठी तितकं मायलेजचं टार्गेट कमी. म्हणजे ट्रक लहान ठेवायचा कंपनीला काही फायदाच उरला नाही.

त्यात १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या बहुतेक लाइट ट्रकवर २५ टक्के आयातकर आहे, युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांच्या सरकारने सूड म्हणून लावलेला, कोंबड्यांचं भांडण कधीच संपलं पण ट्रकवरचा कर साठ वर्षांनंतरही तसाच आहे. बाहेरचे छोटे, कमी पिणारे पिकअप त्यामुळे अमेरिकेत फारसे येत नाहीत. आणि धंद्यासाठी गाडी घेतली तर टॅक्समधून खर्च वजा करायची जी सोय आहे तिच्यात सामानासकट कमाल वजन ६,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण २,७०० किलोच्या, वर असलेल्या गाडीला जास्त सूट मिळते, २००३ मध्ये ही मर्यादा १ लाख डॉलरपर्यंत नेली, पुढच्या वर्षी एसयूव्हीची २५,००० वर आणली पण लांब बेडवाल्या पिकअपला त्यातून सोडलं. म्हणजे एका हाताने सांगायचं पेट्रोल वाचवा आणि दुसऱ्या हाताने जड गाडी घेणाऱ्याला पैसे द्यायचे. मग माणसाने मोठा ट्रक घेतला तर दोष एकट्या त्याच्या आवडीला कसा देणार?

पिकअपवाला कमी पिणाऱ्या गाडीच्या विरोधात आहे हे मला मुळातच पटत नाही, कारण गेल्या पंधरा वर्षांत जे घडलं ते वेगळंच सांगतं. २०११ च्या मॉडेलमध्ये फोर्डने एफ-१५० मध्ये व्ही-८ च्या जोडीला छोटं टर्बो व्ही-६ आणलं, तेव्हा लोक म्हणाले ट्रकमध्ये व्ही-६ कोण घेईल. काही महिन्यांत व्ही-६ ची विक्री व्ही-८ च्या पुढे गेली. २०१५ ला त्यांनी बॉडी अ‍ॅल्युमिनियमची केली, वजन ७०० पौंडांपर्यंत उतरवलं, प्रतिस्पर्धी कंपनीने अ‍ॅल्युमिनियमच्या बेडमध्ये दगडविटा ओतून भोकं पडताना दाखवणाऱ्या जाहिराती केल्या, तरी लोकांनी घेतलीच. दोन्ही वेळा पेट्रोल वाचत होतं, पण त्याला विकलं गेलं ते ताकद म्हणून, जास्त वजन उचलता येईल म्हणून.

याच्या उलट उदाहरण शेवरोले सिल्व्हराडो हायब्रिडचं. २००९ ते २०१३ ही गाडी होती, शहरात २१ एमपीजी देत होती, त्या काळात पूर्ण आकाराच्या ट्रकसाठी ते भारीच होतं. पण ओढायची क्षमता ६,१०० पौंड, साधी सिल्व्हराडो त्याहून बरंच जास्त ओढायची, आणि किंमत मात्र कितीतरी जास्त. म्हणजे जास्त पैसे द्या आणि कमी काम करणारा ट्रक न्या. लोकांनी घेतली नाही, आणि बरोबरच केलं त्यांनी. हायब्रिड ट्रक म्हटल्यावर जुने पिकअपवाले अजून भुवया उंचावतात त्याच्यामागे हा अनुभव आहे, तो अडाणीपणा नाही.

२०२१ चा पॉवरबूस्ट बघितला की फरक कळतो. दीड किलोवॅट-अवरची छोटीशी बॅटरी, ती बेडची जागा न खाता खाली बसवलेली, ४७ हॉर्सपॉवरची मोटर, सगळं मिळून ४३० हॉर्सपॉवर आणि १२,७०० पौंडांपर्यंत ओढायची क्षमता. आणि मागच्या बेडच्या आतल्या बाजूला झाकण लावलेले प्लगपॉइंट, जास्तीचं पॅकेज घेतलं तर ७.२ किलोवॅटपर्यंत वीज, चार साधे आणि एक २४० व्होल्टचा. बांधकामाच्या साइटवर सकाळी ट्रक उभा केला, करवत, कॉम्प्रेसर, ड्रिलचे चार्जर सगळं त्याला लावलं, बॅटरी उतरली की इंजिन स्वतःच चालू होतं, थोडा वेळ गुरगुरतं, बॅटरी भरली की परत बंद. वेगळा जनरेटर आणायचा नाही, ढकलत उतरवायचा नाही, त्याचं वेगळं पेट्रोल आणि दिवसभराचा कानठळ्या बसवणारा आवाज नाही. सुताराला हे दाखवायला मायलेजचं भाषण करावं लागत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत टेक्सासमध्ये बर्फाचं वादळ आलं, लाखो घरांची वीज गेली, लोकांनी या ट्रकांना घरातला हीटर आणि फ्रीज जोडून दिवस काढले, कंपनीने डीलर्सना स्टॉकमधले ट्रक गरजूंना वापरायला द्यायला सांगितलं. पेट्रोल वाचवायला केलेली गाडी थंडीत माणसांच्या कामी आली, ही गोष्ट पिकअपवाल्यांच्या बरोब्बर लक्षात राहिली.

छोट्या पिकअपची भूक किती होती तेही २०२२ च्या फोर्ड मॅव्हरिकने दाखवलं. हायब्रिड इंजिन हेच तिचं साधं, सगळ्यात स्वस्त इंजिन होतं, सुरुवातीची किंमत २० हजार डॉलरच्या पाच डॉलर आत, शहरात ४२ एमपीजी. इतक्या ऑर्डर आल्या की जानेवारी २०२२ मध्येच कंपनीला त्या वर्षाच्या ऑर्डर घेणं थांबवावं लागलं. याला पिकअपवाल्यांना हायब्रिड नको आहे असं कसं म्हणायचं मला खरंच कळत नाही.

आता हायब्रिडची कमतरता पण सांगितली पाहिजे, नाहीतर हाही प्रचारच होईल. हायवेवर जड ट्रेलर मागे लावून तासन् तास एका वेगाने चाललं की ब्रेक फारसा लागतच नाही, मग परत मिळवायला ऊर्जा कुठून येणार, तिथे सगळं काम इंजिनच करतं, आणि ट्रेलर लावला की मायलेज निम्म्याच्या आसपास येतं, हायब्रिड असो वा नसो. ज्याचं रोजचं काम घोडे नाहीतर जेसीबी ओढायचं आहे त्याला हायब्रिडने फार वाचेल असं सांगू नये. आणि काही कंपन्यांनी हायब्रिडचा वापर मायलेजसाठी कमी आणि ताकदीसाठी जास्त केलाय. २०२२ च्या टोयोटा टंड्राचं हायब्रिड ४३७ हॉर्सपॉवर देतं, पण एकत्रित मायलेज साध्या मॉडेलपेक्षा जेमतेम एकदोन एमपीजीने जास्त. नुसतं हायब्रिड असं नाव लावलं म्हणून पेट्रोल वाचलं असं होत नाही, आकडा बघावाच लागतो.

पेट्रोलच्या भावावर सोडून द्या, महाग झालं की लोक आपोआप शहाणे होतील, असं म्हणणारेही खूप आहेत. जुलै २००८ मध्ये सरासरी भाव गॅलनला ४.११ डॉलर झाला, ट्रकची विक्री कोसळली, छोट्या गाड्यांना रांगा लागल्या. त्याच वर्षाच्या शेवटी भाव दोन डॉलरच्याही खाली, आणि लोक हळूहळू परत ट्रककडे. जून २०२२ मध्ये पाच डॉलरच्या वर गेला, परत तेच. भाव सहा महिन्यांत बदलतो, पण आज घेतलेली गाडी बारा-पंधरा वर्षं रस्त्यावर राहते, पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, आणि पेट्रोलचा खरा भार त्या तिसऱ्या मालकावर येतो, ज्याला नवीन गाडी परवडत नव्हती म्हणून त्याने जुना ट्रक घेतला. गाडी कशी बनवायची हे मात्र त्याला कोणी विचारलेलं नसतं. म्हणून मला नियम हवेत असं वाटतं, आणि म्हणूनच जुलै २०२५ च्या कायद्याने काफेचा दंड शून्यावर आणला हे मला फार चुकीचं वाटतं. नियम कागदावर ठेवायचा आणि मोडला तर काहीच नाही, मग कंपनी ज्या ट्रकमध्ये जास्त नफा तोच बनवणार, आणि पिकअपवाल्याला वाटेल की आपल्या आवडीचा विजय झाला, बिल मात्र तोच भरत राहील.

करता येण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. सामानासकट कमाल वजन ८,५०० पौंडांच्या वर असलेल्या पिकअपला, म्हणजे नावात २५०० आणि ३५०० असे आकडे असलेल्या हेवी-ड्यूटी ट्रकना, काचेवर मायलेजचं स्टिकर लावायची सक्तीच नाही. जे ट्रक सगळ्यात जास्त पितात, ऐंशी-ऐंशी हजार डॉलरला विकले जातात, त्यांच्या गिऱ्हाइकाला शोरूममध्ये मायलेजचा सरकारी आकडा बघायलाच मिळत नाही. साध्या टोस्टरवर वॅट लिहिलेले असतात! आधी ते स्टिकर लावा, आणि त्यावर १०० मैलांना किती गॅलन हे मोठ्या अक्षरात, सोबत ट्रेलर लावल्यावर किती हेही, कारण ट्रक घेणारा माणूस तेच विचारतो आणि त्याला त्याचं उत्तर आज मित्रांच्या सांगण्यावरून शोधावं लागतं.

आणि हायब्रिड महागड्या मॉडेलमध्ये कोंडून ठेवू नका. टंड्राचं हायब्रिड २०२२ मध्ये आलं ते लिमिटेड आणि त्याच्या वरच्या मॉडेलला, खालच्या एसआर आणि एसआर-५ ला नाही. म्हणजे लेदर सीट आणि मोठा स्क्रीन घेणाऱ्याला हायब्रिड मिळतं, आणि जो माणूस साधा ट्रक घेऊन दिवसाला आठ घरं फिरतो, शिडी लावतो, पाइप बदलतो, प्रत्येक गेटसमोर इंजिन चालू ठेवून थांबतो, त्याला ते पैसे देऊनही मिळत नाही. २०२४ च्या एफ-१५० मध्ये पॉवरबूस्टची किंमत त्याच आकाराच्या साध्या टर्बो इंजिनाइतकी ठेवली, तर हे जमतं हे दिसलंच. बाकीच्यांनी ते त्यांच्या सगळ्यात खालच्या, पांढऱ्या रंगाच्या, स्टीलच्या चाकांच्या कामाच्या ट्रकपासून सुरू करावं.